गिझर लावला की खटका पडतो? दोष शोधण्याचा क्रम

गिझरचं बटण दाबलं आणि डीबीतला (घरातल्या खटक्यांच्या पेटीतला) खटका खाली आला, की बहुतेक घरांत तो लगेच पुन्हा वर ढकलला जातो. तो पुन्हा पडतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी राहिला तर विषय तिथेच संपतो आणि दोष मात्र आत तसाच वाढत राहतो. खटका एकदा वर करून पाहायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला तर हात आवरा आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: नेमका कोणता खटका पडला, आणि बटण दाबल्यापासून किती वेळाने पडला. पुढची सगळी शोधाशोध या दोन उत्तरांवर चालते.

इथे उदाहरण घेतलं आहे ते घरोघरी असतो त्या १५ किंवा २५ लिटरच्या, २००० वॅटच्या साठवणीच्या गिझरचं. रीत इस्त्रीपासून वॉशिंग मशीनपर्यंत तीच राहते. इतर उपकरणांत फरक कुठे पडतो ते शेवटाकडे आहे.

हाताशी काय हवं

- टेस्टर आणि चांगल्या मुठीचे दोन स्क्रू ड्रायव्हर (एक चपटा, एक चौफुलीचा)
- डिजिटल मल्टिमीटर, ज्यात २० मेगाओहमपर्यंतची रेंज आहे असा
- इन्सुलेशन टेप, टॉर्च, कोरडं फडकं
- गिझर उतरवायची वेळ आली तर पान्हा, बादली, त्याच मापाचं नवीन गॅस्केट (जोडातून पाणी पाझरू नये म्हणून बसवतात ती चकती)
- गिझरचं बिल, वॉरंटी कार्ड आणि त्याच्या अंगावरच्या लेबलचा फोटो (मॉडेल, अनुक्रमांक, वॅट)

वॉरंटी कार्ड आधी वाचा. पुष्कळ गिझरना पूर्ण यंत्रासाठी, एलिमेंटसाठी (पाणी तापवणाऱ्या भागासाठी) आणि टाकीसाठी वेगवेगळ्या मुदतीची वॉरंटी असते. वर्षभरात संपली असं आपण धरून चालतो, पण एलिमेंटची अजून चालू असू शकते. मुदत शिल्लक असेल तर खालची पायरी ५ झाल्यावर थांबा आणि कंपनीचा माणूस बोलवा. झाकण उघडलेलं दिसलं तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

नळाच्या पाण्यातून झिणझिण्या येत असतील, गिझरच्या अंगाला हात लावल्यावर झटका बसत असेल किंवा डीबीतून जळका वास येत असेल, तर ही शोधाशोध तुमची नाही. मेन स्विच बंद करा, त्या न्हाणीघरात कोणालाही जाऊ देऊ नका आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

१. कोणता खटका पडला ते ओळखा

डीबी उघडल्यावर दोन प्रकारचे खटके दिसतात.

एका खणाची अरुंद असते ती एमसीबी. तिच्यावर ‘सी १६’ किंवा ‘बी १६’ अशा अर्थाचा छाप असतो, म्हणजे १६ अँपिअरची. ती मुख्यतः दोन कारणांनी पडते: वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ गेला (ओव्हरलोड), किंवा फेज (करंट आणणारी वायर) थेट न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरला) अथवा अर्थला (जमिनीत जाणाऱ्या सुरक्षेच्या वायरला) भिडली (शॉर्ट).

दुसरी असते ती आरसीसीबी. जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. ती रुंद असते आणि तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं. ती करंट किती आहे हे बघत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच बघते. फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला की ती पडलीच पाहिजे, आणि प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडते. तिच्यावर ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा छाप आहे का ते पाहून घ्या. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची असेल तर ती माणसाला शॉकपासून वाचवण्याच्या कामाची नाही.

एमसीबी पडली तर लोड, शॉर्ट किंवा ढिल्या जोडाकडे बघा. आरसीसीबी पडली तर करंट कुठून तरी अर्थकडे गळतो आहे. काही डीबींमध्ये दोन्ही कामं करणारी आरसीबीओ असते. तिच्याबाबतीत ही विभागणी करता येत नाही, त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या कराव्या लागतात.

पडलेला खटका कधी कधी मध्येच अडकतो. तो आधी पूर्ण खाली ओढायचा, मगच वर करायचा. नुसता वर ढकलला तर तो बसत नाही आणि खटकाच बिघडला असं उगाच वाटतं.

२. किती वेळाने पडतो ते मोजा

बटण दाबताक्षणी एमसीबी पडली: सरळ शॉर्ट. वायर वितळली आहे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या भागाच्या) टोकांशी वायर एकमेकींना भिडल्या आहेत किंवा प्लगच्या आत तारेचे सुटे केस एकमेकांना लागले आहेत.

बटण दाबताक्षणी आरसीसीबी पडली: एलिमेंट फुटलं आहे, किंवा टोकांवर पाणी आलं आहे.

दोन ते दहा मिनिटांनी आरसीसीबी पडली: एलिमेंटला बारीक चीर गेली असण्याची शक्यता सर्वात मोठी. एलिमेंट म्हणजे धातूची नळी, आत तापणारी तार आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली भुकटी. नळीला चीर गेली की भुकटी पाणी शोषते. गार असताना चीर मिटलेली असते, तापल्यावर उघडते. म्हणून गिझर थोडा वेळ चालतो आणि मग पडतो.

अर्ध्या तासाने एमसीबी पडली: एकाच एमसीबीवर जास्त लोड आहे किंवा जोड ढिला आहे. हिशेब सोपा आहे. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. त्याच लाईनवर १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते आणि पाणी तापवणारं वॉशिंग मशीन आणखी साधारण ८.७. बेरीज झाली २१.७. १६ ची एमसीबी १८ अँपिअरवर तासभर तरी तग धरते, २३ च्या आसपास मात्र तासाच्या आत पडायलाच हवी. २१.७ हे या दोहोंच्या मधलं. त्यामुळे ती कधी वीस मिनिटांनी पडेल, कधी पडणारच नाही, आणि घरात सगळे गोंधळतात. उपाय एकच, गिझरसाठी डीबीपासून वेगळी लाईन ओढणं.

फक्त पावसाळ्यात किंवा गिझर महिनोन् महिने बंद राहिल्यावर पडतो: ओल. बाहेरच्या भिंतीतून आलेला पाइप, बंद जागेत साचलेली दमट हवा, गॅस्केटमधून होणारा पाझर, यांतलं काहीतरी.

३. दोष गिझरमध्ये की लाईनमध्ये

गिझरचं बटण बंद करून प्लग पूर्ण बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. का, ते पुढच्या पायरीत येतंच आहे. आता खटका वर करा आणि सॉकेटचं बटण चालू करा.

काहीच न लावता खटका पडला, तर दोष भिंतीतल्या वायरमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे. गिझरला हात लावायची गरज नाही.

पडला नाही, तर त्याच सॉकेटला तीन पिनांची, चांगली चालणारी इस्त्री लावून पाहा. इस्त्रीवरही पडला तर पुन्हा लाईनच. इस्त्री नीट चालली आणि गिझर लावताच पडला तर दोष गिझरमध्ये. एक लक्षात ठेवा: इस्त्री गिझरच्या निम्माच करंट घेते. त्यामुळे ही परीक्षा गळती आणि शॉर्टसाठी खरी, ओव्हरलोडसाठी नाही.

गिझर प्लगऐवजी थेट स्विचला जोडलेला असेल तर मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, त्याच्या वायर सोडवाव्या लागतात. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर वायरमनकडून करून घ्या.

४. न्यूट्रलचा दोष: नाव दुसऱ्याचं, चूक गिझरची

आरसीसीबीच्या तक्रारींत सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो.

बोर्डावरचं साधं बटण फक्त फेज तोडतं. एका खणाची एमसीबीही फक्त फेजच तोडते. न्यूट्रल जोडलेलीच राहते. समजा, गिझरमधल्या न्यूट्रलचं इन्सुलेशन वितळून ती टाकीच्या धातूला, म्हणजे अर्थला, टेकली आहे. गिझरचं बटण बंद आहे, कुठेच काही दिसत नाही. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत इस्त्री लावता. इस्त्रीचा परत येणारा करंट न्यूट्रलच्या पट्टीपाशी पोचतो आणि त्यातला थोडा हिस्सा गिझरच्या बाजूने अर्थमध्ये निसटतो. आरसीसीबीला फरक दिसतो आणि ती पडते. दोष इस्त्रीला दिला जातो, नवी इस्त्री आणली जाते, तरी पडतेच.

तपासायची पद्धत अशी:

सगळ्या एमसीबी खाली करा, फक्त आरसीसीबी वर करा. राहिली तर एमसीबी एकेक वर करत जा आणि प्रत्येकीवर काहीतरी लोड चालवून पाहा. कधी या लोडवर, कधी त्या लोडवर पडत असेल, ठरावीक एकावरच नाही, तर न्यूट्रलचा संशय घ्या. आता घरातले सगळे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, फ्रिज, इन्व्हर्टर आणि वॉटर प्युरिफायरसकट. मग एक इस्त्री तेवढी लावा. पडली नाही तर बाकीची उपकरणं बटण बंद ठेवूनच एकेक सॉकेटला लावत जा. ज्याचा प्लग आत जाताच आरसीसीबी पडली, दोष त्याच्यात.

सगळे प्लग बाहेर असतानाही पडली तर भिंतीतली न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागली आहे, किंवा नवीन पॉइंट जोडताना कोणीतरी आरसीसीबीनंतरची न्यूट्रल तिच्या आधीच्या न्यूट्रलशी जोडली आहे. इन्व्हर्टर बसवल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर आधी हेच पाहायला सांगा.

आणखी एक कारण असतं ते बेरजेचं. संगणक, टीव्ही, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर अशा वस्तू निरोगी असूनही थोडा करंट अर्थकडे सोडतात. एकाच आरसीसीबीवर सगळं घर असेल तर ही गळती साठत जाते आणि गिझरच्या किरकोळ गळतीची भर पडताच ती पडते. अशा घरात आरसीसीबी बदलण्यापेक्षा लाईन दोन आरसीसीबींवर वाटून घेणं शहाणपणाचं.

५. प्लग, सॉकेट आणि डीबीतले जोड

गिझरचा प्लग मोठ्या पिनांचा, १६ अँपिअरचाच हवा. पिनेभोवती तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुन्यातली ढिली पकड नव्यालाही जाळते.

डीबीत जोड ढिला असला की तिथे उष्णता तयार होते. एमसीबीतली ओव्हरलोड ओळखणारी पट्टी उष्णतेनेच वाकते, त्यामुळे लोड नऊ अँपिअर असूनही १६ ची एमसीबी पडते. वायरचं टोक काळपट झालं आहे का, एमसीबीच्या कडेचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय का ते टॉर्च लावून बाहेरूनच पाहा. स्क्रू आवळणं वायरमनचं काम. मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्याकडे मीटरमधून येणारी वायर जिवंतच असते. काळं पडलेलं टोक कापून, नवीन तांबं उघडं करून जोडायला सांगा. जळक्या टोकावरच स्क्रू आवळला तर महिनाभरात तक्रार परत येते.

गिझरची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर घेतो. त्याला ४ चौरस मिलिमीटर घालून घ्या.

६. गिझर उघडून मोजणी

गिझरचा प्लग बाहेर, त्याची एमसीबी खाली, मेनही खाली. थेट जोडलेला असेल तर टेस्टरने गिझरच्या टोकांवर तपासा. आणि तो टेस्टर दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये पेटतो हे आधी पाहिलेलं असू द्या.

खालचं झाकण काढा. पहिल्यांदा वायरच्या जोडणीचा फोटो घ्या. मग नुसतं निरखून पाहा: पांढरे क्षार, गंज, ओघळ, कडक होऊन तडकलेलं इन्सुलेशन, इंडिकेटर दिव्याची बारीक वायर टाकीला टेकलेली. बोअरचं पाणी असलेल्या घरांत एलिमेंटच्या बैठकीभोवती पांढरी कड दिसली तर गॅस्केट पाझरतंय हे जवळपास नक्की. ओल असेल तर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. ओल्या टोकांवरचं मोजमाप खोटं येतं.

एलिमेंटच्या दोन्ही टोकांवरच्या वायर सोडवा. आता दोन मापं घ्यायची.

एक, टोक ते टोक. २००० वॅटच्या एलिमेंटला २६ ओहमच्या आसपास यायला हवेत, ३००० वॅटच्याला १७-१८. एक-दोन ओहम आले तर आतून शॉर्ट. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे. पण तुटलेल्या तारेने सहसा पाणी तापत नाही, एवढंच होतं, खटका पडत नाही.

दोन, प्रत्येक टोक ते टाकीचा अर्थ स्क्रू. मीटर सर्वात वरच्या रेंजवर ठेवा. निरोगी एलिमेंटवर मीटर आकडा दाखवत नाही, रेंजबाहेरची खूण दाखवतो. एक मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर एलिमेंट बाद. आरसीसीबी पाडायला १५ किलोओहमच्या खालची गळती पुरते, पण जे आज ३०० किलोओहमवर आहे ते काही दिवसांत तिथे पोचतं. मोजताना दोन्ही हातांची बोटं प्रोबच्या धातूला लागू देऊ नका. नाहीतर मीटर तुमच्याच अंगाचा रोध मोजतो आणि चांगलं एलिमेंट फेकून दिलं जातं.

मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, म्हणून त्याचा नकार पक्का आणि होकार कच्चा. माप चांगलं येऊनही आरसीसीबी पडत असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (जास्त व्होल्टवर गळती तपासणाऱ्या मीटरवर) तपासून घ्या. मेगर लावताना एलिमेंटच्या वायर सुट्या असल्या पाहिजेत.

मेगर नसेल तर सुटवलेल्या दोन्ही वायरच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा, झाकण बसवा, बाजूला व्हा आणि मग बटण चालू करा. आता पडला नाही तर दोषी एलिमेंट. तरीही पडला तर थर्मोस्टॅट, दिवा किंवा आतली वायर.

७. एलिमेंट बदलताना

येणाऱ्या पाण्याची तोटी बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, मग टाकी रिकामी करा. १५ किंवा २५ लिटर पाणी आहे, छोटी बादली पुरत नाही. पाणी गार झालेलं असू द्या.

नवीन एलिमेंट त्याच वॅटचं, त्याच आकाराच्या बैठकीचं घ्या. जास्त वॅटचं बसवून पाणी लवकर तापवण्याच्या मोहात पडू नका. थर्मोस्टॅट आणि वायर त्या करंटसाठी नसतात. गॅस्केट नवीनच घाला. बैठकीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजून काडीसारखा झाला असेल तर तोही आत्ताच बदला. तो रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो, आणि पुन्हा सगळं उघडण्याचा योग लवकर येत नाही.

टाकी आधी पूर्ण भरा. गरम पाण्याच्या नळातून हवा जाऊन सलग धार येईपर्यंत वीज लावायची नाही. कोरड्या टाकीत नवीन एलिमेंट पाहता पाहता जळतं, आणि ते वॉरंटीत येत नाही. भरल्यावर अर्धा तास गॅस्केटकडे बघा. एक थेंबही दिसता कामा नये.

टाकीच गंजून पाझरत असेल तर दुरुस्ती करू नका. नवीन गिझर घ्या.

८. या ‘युक्त्या’ करू देऊ नका

*अर्थची पिन कापणं.* याने खटका पडायचा थांबतो हे खरं आहे, आणि म्हणूनच ही युक्ती सर्वात घातक. गळती थांबलेली नसते. तिचा अर्थकडे जाण्याचा रस्ता बंद झालेला असतो. आता टाकी, पाइप आणि शॉवरचं पाणी जिवंत असतं आणि करंटला रस्ता मिळतो तो खाली ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून. आरसीसीबी नसलेल्या घरात हे मृत्यूला आमंत्रण आहे.

*आरसीसीबी बायपास करणं.* ‘ती फार नाजूक आहे, काढून टाकू’ असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला काम देऊ नका.

*१६ च्या जागी ३२ ची एमसीबी.* एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ ची घातली तर आधी वायर तापेल, भिंतीतलं इन्सुलेशन वितळेल, आणि खटका जागेवरच राहील.

९. गिझर नसेल तर

इस्त्री: कॉर्ड मुठीतून बाहेर येते तिथे वाकून वाकून तुटते. कॉर्ड तिथे हलवली की खटका पडतो.

वॉशिंग मशीन: पाणी तापताना पडलं तर हीटर, जोरात फिरताना पडलं तर मोटरवर पाणी गळतंय किंवा कार्बन ब्रशची भुकटी साचली आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज: दिवसातून एक-दोनदाच, कारण नसल्यासारखा पडत असेल तर बर्फ वितळवणारा हीटर. तो ठरावीक तासांनीच चालू होतो.

पावसाळाभर कपाटात राहिलेला ओटीजी (भाजायची विजेची भट्टी): एलिमेंटने ओल धरलेली असते. आतून गंज किंवा चीर दिसत नसेल तर वायरमनकडून मेगरवर तपासून घ्या. वाळवल्यावर पुष्कळदा सुधारतो.

एसी सुरू होतानाच एमसीबी पडते: बी प्रकारची आहे का पाहा. ती तिच्या करंटच्या तीन ते पाच पट झटक्याला पडते, सी प्रकारची पाच ते दहा पट झटक्याला. वायर पुरेशी असेल तर त्याच अँपिअरची सी प्रकारची घालून घ्या.

१०. वायरमनला काय सांगायचं

‘गिझर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो एलिमेंट बदलून जातो. असं सांगा: आरसीसीबी पडते, बटण दाबल्यावर पाच मिनिटांनी, प्लग काढल्यावर पडत नाही, त्याच सॉकेटवर इस्त्री चालते, टोक ते टाकी ४०० किलोओहम आले. मेगर घेऊन यायला सांगा. काम संपल्यावर अर्थिंगची खात्री त्याच्याकडूनच करून घ्या: सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही व्होल्टेज जवळपास सारखे आले पाहिजेत. फेज-अर्थ बरंच कमी आलं तर अर्थिंग कमकुवत आहे. ते ठीक होईपर्यंत गिझर लावू नका. सोसायटीच्या सगळ्याच घरांत तसं येत असेल तर तक्रार सोसायटीच्या अर्थिंगची आहे. मीटरच्या पलीकडचा, पुरवठ्याच्या बाजूचा दोष वाटला तर महावितरणच्या भागात १९१२ वर नोंदवा.

तो जायच्या आधी त्याच्यासमोर ‘टी’ बटण दाबा. आरसीसीबी त्याच क्षणी पडली पाहिजे. नाही पडली तर ती बदलूनच घ्या. नंतर महिन्यातून एकदा हे बटण स्वतः दाबत जा. दाबण्यापूर्वी संगणक बंद करून ठेवा.